चौदा गडवे

राखीनं हात वर केला तेव्हा तास संपायला सात मिनिटं होती. टिकाराम लंजेनं फळ्यावर ‘अनुसमर्थन’ हा शब्द लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या आणि खडू बोटांत फिरवत तो नेहमीचंच सांगत होता : दोन देशांचे प्रतिनिधी सह्या करतात तेव्हा करार नुसता जन्माला येतो, त्याचं बारसं व्हायचं असतं, दोन्हीकडच्या संसदा मान्यता देतात, तसे कागद एकमेकांना पोचतात, तेव्हा कुठे तो अंगाला चिकटतो. साकोलीच्या त्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला राज्यशास्त्र घेणारी मुलं प्रश्न विचारत नाहीत. पोलीस भरती निघेपर्यंत किंवा लग्न ठरेपर्यंत ती बसलेली असतात, आणि टिकारामचंही त्यावर काही म्हणणं नव्हतं. म्हणून हात दिसला तेव्हा त्याला वाटलं, हिला बाहेर जायचं असेल. राखी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, मान्यता देऊन झाल्यावर समजलं का चूक झाली, तं मंग काय करतेत?”

उत्तर सोपं होतं. तेवीस वर्षं तो ते देत आला होता. फेरवाटाघाटी करतात, पण समोरचा बसायला तयार हवा, आणि बसला तरी तो फुकट बसत नाही. तुम्ही एक कलम उघडा म्हणालात की तो म्हणतो, मग माझंही एक उघडा. बाजेची एक दोरी ओढली की सगळी वीण सैल होते, म्हणून शहाणे देश चुकीच्या करारावरही वर्षानुवर्षं निजतात. हे सगळं त्याच्या जिभेवर होतं. शेवटचं वाक्य तर दरवर्षी थोडंसं हसू आणायचं. पण खडू बोटांतच थांबला. मुलीच्या तोंडाकडे पाहताना त्याला तिच्या जागी आपली बहीण दिसली, अंगणात ओणवी झालेली, हाताच्या ओंजळीत पाणी घेऊन उभी राहणारी. “पुढच्या तासाला पाहू,” असं म्हणून तो सात मिनिटं आधी वर्गाबाहेर पडला. मागे कोणीतरी खुशीनं बाक वाजवला.

रुखमिणीचा, त्याच्या बहिणीचा, फोन सकाळी आला होता. तो दाढी करत होता, म्हणून कामिनीनं, त्याच्या बायकोनं, फोन त्याच्या कानाला धरला. “दादा, अंगनात पानी फुटला,” रुखमिणी म्हणाली. “चुलीच्या मांग. पाळीतून येऊन रायला.” त्यानं विचारलं, कसं आहे, निर्मळ की गढूळ. “निरमळ हाये. पेता येते.” मग घाबरायचं कारण नाही, असं तो म्हणाला आणि गालावरचा साबण वाळायच्या आत त्यानं उरलेली दाढी केली. त्यांचा बाप धामणटोल्याचा पानकर होता. तलावाचं पाणी कोणाच्या धानाच्या बांधीत किती वेळ जाईल हे ठरवणारा माणूस. बाप म्हणायचा, पाळीतून, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधातून, निर्मळ पाणी आलं तर तलावाला घाम आला समजा, गढूळ आलं तर तलाव चालला समजा. कारण गढूळ पाणी पाळीची माती घेऊन बाहेर पडत असतं. लहानपणी टिकारामला ते वाक्य आवडायचं. चालता तलाव त्याला स्वप्नात दिसायचा, एखाद्या म्हाताऱ्यासारखा काठी टेकत गावाकडे उतरणारा. आता मोटारसायकल महामार्गाला लागली, ट्रकांच्या वाऱ्यानं शर्ट पाठीला चिकटायला लागला, तेव्हा तेच स्वप्न त्याच्या मागच्या सीटवर येऊन बसलं.

धामणटोला पाळीच्या खाली आहे आणि कोसमगाव वर, पाण्याच्या काठाला. एवढं सांगितलं की या दोन गावांचं सगळं भांडण सांगून होतं. तलाव कोसमगावच्या हद्दीत आणि भिजणारं रान धामणटोल्याचं. जुन्या मालगुजारानं बांधला तेव्हा दोन्ही गावं त्याचीच होती, त्यामुळे कोणाचं काय हे लिहून ठेवायची त्याला गरज वाटली नाही. मालगुजार गेला आणि न लिहिलेलं तेवढं मागे राहिलं. वरच्यांना पाणी साठवायचं असतं, मासळीसाठी आणि काठच्या मोटारींसाठी. खालच्यांना ते सोडायचं असतं, भारी धानाच्या लोंब्या भरताना. सहा वर्षांपूर्वी पाऊस पोळ्यालाच थांबला, तेव्हा धामणटोल्याचे तीस-चाळीस जण तुडुमावर गेले. तुडूम म्हणजे पाणी सोडायची जागा : पाळीतून पाण्यात उतरत जाणाऱ्या दगडी पायऱ्या, पायरीपायरीला एक भोक, भोकात लाकडी खुंटी. कोसमगावचेही तेवढेच खुंट्यांवर पाय देऊन उभे होते. शिव्या झाल्या, ढकलाढकली झाली, आणि कोसमगावचा हेमराज, वय छत्तीस, खालच्या पायरीवर पडला तो उठला नाही. नागपूरला नेला, तिसऱ्या दिवशी गेला. पोलिसांच्या कागदावर लिहिलं गेलं की शेवाळावरून पाय घसरून डोकं दगडावर आपटलं, आणि त्याखाली साक्षीदार म्हणून गावातल्या सगळ्यांत शिकलेल्या माणसाची सही होती. ती सही टिकारामची होती.

कोणी मारलं हे दोन्ही गावांना ठाऊक होतं. ठाऊक सगळ्यांना होतं, पण पाहिलेलं कोणी नव्हतं. गर्दीत सगळ्यांच्या माना एकमेकांच्या अंगावर होत्या. पाहिलं होतं टिकारामनं. तो मधे पडायला गेला होता, दोन हातांच्या अंतरावर उभा होता, आणि फावड्याचा दांडा हेमराजच्या कानामागे बसताना जो आवाज झाला तो त्यानंतर त्याला कुठेही ऐकू यायचा. कामिनी नारळ फोडायची तेव्हा तो उठून बाहेर जायचा. दांडा धरणारा हात श्रावणचा होता, रुखमिणीच्या नवऱ्याचा. आपलेच दात आणि आपलेच ओठ. श्रावण काही मारकुटा माणूस नव्हता. बैलालासुद्धा तो तोंडानंच हाकायचा. त्या दिवशी दांडा उचलला गेला आणि खाली आला, एवढंच. पुढे सहा वर्षं तो त्या हाताकडे असा पाहायचा, जणू कोणी तो हात त्याच्याकडे ठेवायला दिला होता आणि न्यायला परत आलाच नव्हता.

आणि मग करार झाला. टिकारामनं केला. अजूनही कधीकधी त्याला त्याचा अभिमान वाटायचा आणि मग त्या अभिमानाची शिसारी यायची. तो धामणटोल्याचा मुलगा आणि कोसमगावचा जावई. तिथले मोठे म्हातारे भैय्याजी म्हणजे कामिनीचे चुलते. त्याच्याइतका दोन्ही घरचा माणूस दुसरा नव्हता. सव्वा महिना तो वर-खाली करत होता. अकरा कलमं. मासळी कोसमगावची. सलंग, म्हणजे जास्तीचं पाणी जिथून सांडतं ती भिंत, एक हात उंच करायची, म्हणजे कोसमगावला पाणी जास्त उरेल. दसऱ्यानंतरचं पाणी धामणटोल्याचं. सातवं कलम : पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत तुडुमाला कोणीही हात लावायचा नाही, कारण रक्त त्याच दिवसांत सांडलं होतं. आणि पहिलं कलम, जे सगळ्यांत छोटं होतं आणि ज्याची किंमत म्हणून बाकीची दहा होती. दोन्ही ग्रामसभांनी ठराव केले. पण गावांना ठराव पुरत नाही. जुनी रीत अशी की दोन्हीकडची सात-सात माणसं पाळीवर बसतात, ज्याचा त्याचा घरचा गडवा, पाण्याचा तांब्या, घेऊन. तलावाचं पाणी त्यात भरतात, हातात धानाची ओंबी धरतात आणि पाणी पितात. तो गडवा मग घरी वेगळा ठेवतात, रोजच्या वापरात आणत नाहीत. चौदावा गडवा हेमराजच्या बायकोचा होता, धुरपताचा. ती प्यायली नसती तर काहीच झालं नसतं. तिला वाचता येत नव्हतं. पहिलं कलम टिकारामनं तिला वाचून दाखवलं होतं, पुस्तकी भाषेत, जरा घाईनं, आणि तिनं मान हलवली होती.

रुखमिणीच्या अंगणात तो पोचला तेव्हा दुपार कलंडली होती. तिनं पाण्यानं भरलेला पितळी गंज पुढे केला. चुलीमागच्या मातीतून करंगळीएवढी धार वर येत होती, उकळी फुटावी तशी, पण थंड. गंजातल्या पाण्यात आधी काही दिसलं नाही. मग ते निवळलं आणि तळाशी पिवळट मातीचा थर बसला, नखाच्या जाडीचा. त्यानं बोट घातलं, बोटाला गाळ लागला. वर पाळीकडे पाहिलं तर चार वर्षांपूर्वी तोडलेल्या जांभळाचं खोड नेमकं घराच्या सरळ रेषेत होतं. झाड गेलं, मुळं आत कुजली, आणि कुजलेल्या मुळाच्या पोकळीतून पाणी रस्ता शोधत होतं. त्यात वर एक हात जास्तीचं ओझं, कलम तीनप्रमाणे. हे त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तरी पाणी साठवण पाहणारा एक तरुण अभियंता दुसऱ्या दिवशी आला, पाळीवरून चालला, आणि खाली उतरताना त्याचा चेहरा उतरला. खुंट्या काढून दोन हात पाणी आजच सोडलं पाहिजे, असं तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, “पण सर, दसरा अजून झालेला नाही आणि तुमच्याच त्या कराराची प्रत आमच्या फाइलीला लावलेली आहे. आम्ही पोलीस घेऊन खोलायला आलो आणि परत सहा वर्षांपूर्वीचं झालं, तर? तुम्ही दोन्ही गावांची संमती आणा, मी पाच मिनिटांत माणसं पाठवतो. तोवर ही एकोणीस घरं तरी रिकामी करा.”

अठरा घरं शाळेत गेली. एकोणिसावं रुखमिणीचं.

“मी अठीच राहीन,” ती म्हणाली. श्रावण ओसरीवर पाठमोरा बसून दोरी वळत होता. त्याची बोटं चालत होती, पण दोरी तेवढीच होती. टिकारामनं आवाज चढवला. पाळ फुटली तर पळायला वेळ मिळणार नाही, हे तिला कळत कसं नाही. तिनं शांतपणे चुलीतली राख ओढली. “मले सप्पा समजते, दादा. मी उठलो का लोक म्हनतीन, पाळ चाललीच. मंग बैठक बसन. बैठक बसली का कागद निघन. कागद निघाला का पयला कलम निघन.” तिनं ओसरीकडे पाहिलं नाही. “घर गेला तं घर बांधता येते. मानूस कोठून आनू?” सहा वर्षं टिकारामला वाटत होतं की हे गुपित त्यानं बहिणीसाठी सांभाळलं आहे. आज कळलं, तीच ते सांभाळून बसली होती, पाळीला पाठ लावून.

कलम अकरावरून त्याची झोप त्या रात्री उडाली असं म्हणायला हरकत नाही, पण खरं तर ती आधीपासूनच उडालेली होती, त्यानं फक्त तिकडे पाहिलं नव्हतं. अकरावं कलम असं होतं : बदल करायचा तर चौदाही माणसं पाळीवर हवीत, चौदाही गडवे परत भरले जावेत, आणि एक कलम उघडलं तर सगळी उघडतील, नाहीतर एकही नाही. कच्चा मसुदा वाचताना भैय्याजींनी विचारलं होतं, “जवाईबापू, आनि आमच्यातला कोनी मेला तं?” साधा, शहाण्या माणसाचा प्रश्न. टिकारामनं पेन्सिलनं एक ओळ लिहिली होती : मृताच्या वारसास तोच हक्क राहील. घरी येऊन त्यानं ती खोडली. पुस्तकात वाचलेली सगळी उदाहरणं त्याला पाठ होती. बाहेर पडायला फट ठेवली की देश बाहेर पडतात. त्याला फट नको होती. शांततेसाठी, असं तेव्हा त्यानं स्वतःला सांगितलं. पण खोडरबर फिरवताना त्याच्या डोळ्यांसमोर शांतता नव्हती, श्रावणचा हात होता आणि साक्षीच्या कागदावरची आपली सही होती. झाकली मूठ कायमची झाकलेली राहावी म्हणून त्यानं ती शिवून टाकली, आणि आता तीच मूठ पाण्यात बुडत होती. सहा वर्षांत चौदांपैकी तिघं मेली होती. एक सुरतेला मुलाकडे होता. आणि खालच्या घरात एक बाई चुलीपुढे बसून होती, तिच्या मागे धार करंगळीची अंगठ्याएवढी झाली होती.

तो भैय्याजींकडे गेला. म्हातारा बाजेवर बसला होता, पायाला तेल चोळत. जावई आला म्हणून त्यानं धोतर सारखं केलं, आत चहा सांगितला. ऐकून घेतलं. “पानी सोडाले माही ना नाई,” तो म्हणाला. “पाळ फुटली तं तराव आमचाबी जाते. पन जवाईबापू, माह्या गावातले पोरं काय म्हनतेत, मालूम? ते म्हनतेत, सातवा खोलाचा आसन तं पयलाबी खोला. आमचा मानूस गेला, त्याच्या बदल्यात आमाले एक हात पानी भेटला. आता तो हातबी वापस मांगून रायले.” टिकाराम म्हणाला, मामाजी, आता बाकीचं राहू द्या, घर वाहून जाईल. म्हाताऱ्यानं त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, नुसती जुनी ओळख होती. “मीच तुमाले इचारलो होतो, मेला तं काय. तुमी हासले. मी मनात म्हनलो, शिकला-सवरला मानूस हाये, त्याले दिसत आसन.” मग त्यानं चहाची बशी पुढे सरकवली. “धुरपताले इचारा. ते हो म्हनली तं मी सब्बन आनतो.”

धुरपता गावच्या शाळेत खिचडी शिजवायची. टिकारामला पाहून तिनं पदर सारखा केला आणि झारा पातेल्यात तसाच ठेवला. तिनं एवढंच विचारलं, बैठक कधी. उद्या चारला, तो म्हणाला. “येतो,” ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरून त्याला काहीच वाचता आलं नाही. परत जाताना मोटारसायकल दोनदा बंद पडली, आणि दोन्ही वेळा त्याला बरं वाटलं.

शुक्रवारी चार वाजता पाळीवर दोन्ही गावं जमली. पाऊस थांबला होता, पण नागझिऱ्याच्या बाजूला आभाळ अजून काळंच होतं, आणि तलाव काठोकाठ, एकही लाट नसलेला. अर्धांग झालेल्या एकाला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून बाजेसकट आणलं होतं. सुरतेच्यानं फोनवर हो सांगितलं, तेव्हा भैय्याजी म्हणाले, “फोनात पानी पेता येते का?” आणि एवढ्या ताणातही लोक हसले. मग हसू विरलं. गडवे ओळीनं मांडले : दहा ज्यांचे त्यांच्यापुढे, तीन मेलेल्यांचे त्यांच्या मुलांनी आणलेले, एक सुरतेच्याचा. चार गडव्यांमागे कोणी बसलेलं नव्हतं. वारस पोरांपैकी एकानं हात पुढे केला तर भैय्याजींनी तो मागे सारला. लिहिलेलं नाही, ते म्हणाले. टिकारामनं मान खाली घातली. पोरांच्या हातात फावडी होती. सलंग फोडायची वेळ आली तर म्हणून आणली आहेत असं सगळे सांगत होते, आणि धामणटोल्याची एका अंगाला, कोसमगावची दुसऱ्या अंगाला, मधे तुडूम, अशी ती उभी होती. कोणी ठरवून उभं केलं नव्हतं. त्या दिवशीही कोणी ठरवलं नव्हतं.

धुरपता म्हणाली, “मी हो म्हनतो. त्या चौघायच्या नावाचाबी मीच पेतो. पन मास्तर, मले वाचता येत नाई. तवा तुमी वाचून दाखवले, मी मान हालवली. आज पयला कलम परत वाचा.”

त्यानं कागद काढला. प्लास्टिकच्या पिशवीतला, घडीवर फाटायला आलेला. “दिनांक एकोणीस सप्टेंबर रोजी तलावाच्या पाळीवर उद्भवलेल्या परिस्थितीसंदर्भात कोणताही पक्ष कोणत्याही व्यक्तीवर दायित्व निश्चित करणार नाही.” आपलाच आवाज त्याला वर्गातल्यासारखा वाटला.

“हे तवाबी समजला नोता,” ती म्हणाली. “मले समजन असा वाचा.”

“त्या दिवशी जे झालं, त्याचा दोष कोणी कोणाला देणार नाही.”

“काय झाला त्या दिवशी?”

बाजेवरचा माणूस तोंडानं श्वास घेत होता, तेवढाच आवाज. टिकारामच्या मनात एकदम बाप आला, खुंटीला हात घालण्याआधी पाण्याला नमस्कार करणारा. मग कामिनी, तिचा अर्धवट फोडलेला नारळ. मग कॉलेजातली खोली, फळा, राखीचा वर केलेला हात, कोपराशी उसवलेली बाही. शिकलेल्या माणसाकडे शब्द फार असतात, आणि ते एकमेकांच्या मागे लपायला शिकवतात. अजूनही त्याच्याकडे दोन-तीन वाक्यं शिल्लक होती. दुर्दैवी घटना. झटापटीत. अनवधानानं. त्यानं खाली पाहिलं. पाळीच्या उतारापलीकडे रुखमिणी अंगणात उभी होती, हात डोळ्यांवर धरून वर पाहत. एवढ्या लांबून तिचा चेहरा दिसत नव्हता, पण तिची मान दिसत होती, आणि ती मान नाही म्हणत होती, हळूहळू, पुन्हा पुन्हा. तिच्या पायांशी पाणी होतं. सकाळी चुलीमागे होतं, आता ते उंबऱ्याशी आलं होतं आणि इथूनही त्याचा रंग मातीचा दिसत होता. श्रावण टिकारामच्या डाव्या हाताला उभा होता, रिकाम्या हातांनी. फक्त त्यानंच फावडं आणलं नव्हतं.

“हेमराज घसरला नाई,” टिकाराम म्हणाला. बोली त्याच्या तोंडात सहज आली, वर्षानुवर्षं जणू दाताखालीच धरून ठेवली होती. “फावड्याच्या दांड्यानं मारला. श्रावणनं मारला. मी दोन हाताच्या अंतरावर उभा होतो. मी पायलो. पोलिसात मी खोटा सांगतलो.”

धुरपता रडली नाही. तिनं एकदा मान हलवली, सहा वर्षांपूर्वी हलवली होती तशीच. मग ती काठावर गेली, गडवा भरून आणला आणि प्याली. मग पहिल्या मेलेल्याचा, दुसऱ्याचा, तिसऱ्याचा. चौथा सुरतेच्याचा. पाणी तिच्या हनुवटीवरून गळ्यात उतरत होतं. “रांडव बाईनं पेला तं चालते ना, भैय्याजी?” तिनं विचारलं. लिहिलेलं हेही नाही, हे म्हाताऱ्याला ठाऊक होतं. त्यानं आपला गडवा उचलला, आणि त्याच्या मागे बाकीच्यांनी.

खुंट्या काढायला श्रावणच उतरला. कोणी सांगितलं नव्हतं. पायऱ्या शेवाळलेल्या होत्या, आणि तो त्याच पायरीवर उभा राहिला, त्यानं पाण्यात खांद्यापर्यंत हात घातला. फुगलेली खुंटी तीनदा जोर केल्यावर निघाली. पाळीच्या पोटात एक मोठा घोट गिळल्यासारखा आवाज झाला आणि खालच्या नहरात पाणी धावलं. लोकांनी सुस्कारा सोडला, दोन्ही अंगांच्या लोकांनी एकदमच. तेवढा एक क्षण टिकारामला वाटलं की झालं. मग श्रावण ओला होऊन वर आला आणि धुरपताच्या समोर थांबला. कोसमगावचा एकजण फोन कानाला लावून बाजूला गेला; पोलीस ठाण्याचं नाव ऐकू आलं. भैय्याजींनी मांडीवरची माती झटकली. “पयला खुलला, सातवा खुलला,” ते म्हणाले, जावयाकडे न पाहता. “आता बाकीचे नऊ सांगा, मास्तर.” आजवर त्यांनी त्याला मास्तर म्हटलं नव्हतं. पोरं आपापल्या अंगाला थोडी आणखी सरकली. कोणीतरी म्हणालं, एक हात पाणी तर गेलं, त्याच्या बदल्यात काय. पलीकडून कोणीतरी उत्तर दिलं.

टिकाराम खाली उतरला तेव्हा दिवस मावळायला आला होता. वर पाळीवर दुसरं कलम अजून संपलं नव्हतं. रुखमिणीनं अंगणातला चिखल एका बाजूला ओढून वाट केली होती. ओसरीवर एक पिशवी भरलेली होती : दोन धोतरं, चादर, तंबाखूची डबी. चुलीमागची धार बारीक झाली होती. तिनं त्याला बसायला पाट दिला, पाहुण्याला देतात तसा, आणि धारेशी पितळी गडवा आडवा धरला. तो भरेपर्यंत ती वाट पाहत राहिली. मग तिनं तो त्याच्यासमोर आणून ठेवला आणि उजेडाकडे कलता केला. तळापर्यंत दिसत होतं.

“निरमळ आला, दादा,” ती म्हणाली.

तिनं गडवा उचलून त्याच्या हातात दिला. तिची बोटं थंडगार होती.

“तवा चौदा जन पेले. तू लिवलास, वाचलास, पन तू तेवढा पेला नोतास. आता पी.”

वर पाळीवर आवाज वाढत होते. एक फावडं दगडावर आपटलं, आणि मग सगळं एकदम गप्प झालं. ओसरीवर श्रावण पिशवीशेजारी बसला होता, मान वर करून ऐकत. टिकारामनं गडवा तोंडाला लावला.